एक भाग कितीचा?

माझी बायको सुमन गेली, तिच्या तेराव्याची गोष्ट. पंगत बसली होती. वडे आणि काळ्या वाटाण्याची आमटी वाढून झाली होती. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आणि वरच्या मजल्यावरचे तळवडेकर मास्तर पानावर बसल्या बसल्या माझ्या सुनेला म्हणाले, "मनीषा, परीक्षा कधी आहे?"

मनीषाच्या हातात वड्यांची परात होती. ती तशीच उभी राहिली. शेजारच्या घाडीकाकूंनी तोंडाला पदर लावला. माझा मुलगा प्रशांत बापाकडे, म्हणजे माझ्याकडे बघायला लागला, की आता हा म्हातारा काय करतो.

"मास्तर, आज दिवस काय आहे?" मी म्हटलं.

"तेरावा. म्हणून तर आज विचारलं. दहाव्यालाच विचारणार होतो, पण बरं दिसलं नसतं."

वर आणखी एक वडा मागून घेतला.

 मी आणखी काही बोललो असतो तर पंगत उठली असती. पण जेवण झाल्यावर मास्तर हात धुऊन माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता चार शब्द बोलतील, सगळे बोलतात तसे. हा माणूस खाली जमिनीकडे बघत म्हणाला, "परबकाका, तुमच्या लाद्या जुन्याच आहेत ना अजून?"

माणसाचं डोकं फिरलंय, असंच मला वाटलं.

आता हे मास्तर कोण ते सांगतो. आमची नाहूरची बिल्डिंग म्हणजे आधीची चाळ. चाळ पाडली, बिल्डिंग बांधली, आम्हाला वरखाली कोंबलं. तळवडेकर वरच्या मजल्यावर बहिणीच्या कुटुंबात राहायचे. लग्न केलं नाही. दिवसा एका गोदामात स्टोअरकीपर. अंगाने काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि चष्म्याच्या डबीत चष्मा नाही, खडू. चष्मा कायम नाकावर असायचा, मग डबी रिकामी कशाला ठेवायची, असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी ते शिकवायचे. सरकारी नोकरीच्या परीक्षा देणारी पोरं-पोरी त्यांच्याकडे यायची. पण शिकवायचे एकच धडा. गुणोत्तर आणि प्रमाण. दुसरं काही विचारलं की सरळ सांगायचे, "टक्केवारीला मुलुंडला जा. काळ-काम-वेगाला भांडुपला एक जण आहे. मी गुणोत्तराचा माणूस." लोक हसायचे. एका धड्याचा मास्तर कुठे असतो काय? पण ती पोरं येत राहायची हे खरं.

बिल्डिंगमध्ये त्यांना पाठीमागे भागमास्तर म्हणत. कारण कुठलंही गणित असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "एक भाग कितीचा?" समजा दोघांचं प्रमाण तीनास पाच आहे. म्हणजे भाग झाले आठ. एक भाग कितीचा ते कळलं की सगळं कळलं. हे मी सातवी शिकलेला माणूस सांगतोय, म्हणजे बघा त्यांनी किती वेळा म्हटलं असेल.

आणि दुसरा शब्द होता, "मग?" चुकलं तरी "मग?" बरोबर आलं तरी "मग?" त्यांच्या तोंडून 'बरोबर' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. एकदा विचारलं मी, मास्तर, पोरांना शाबासकी का नाही देत? तर म्हणाले, "परीक्षेत कॉम्प्युटर शाबासकी देतो का? सवय लागली की पोर तिथेही वाट बघत बसतं."

एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून राडा झाला. ए विंगच्या खोल्या चाळीस, बी विंगच्या चोवीस, टाकी एक. दोन्हीकडचे लोक गळे काढत होते. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "पाचास तीन. टाकीचे आठ भाग करा. एक भाग कितीचा?" सगळा हॉल हसला. पण त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडून दाखवला, कोणाला किती वेळ व्हॉल्व्ह सोडायचा. गणित बरोबर आलं. पाणी नाही आलं. व्हॉल्व्ह सोडणारा बी विंगचा होता.

तर लाद्यांचं. बिल्डरने आम्हाला सगळ्यांना हॉलमध्ये फूटभर चौकोनी लाद्या दिल्या होत्या, एक पांढरी, एक चॉकलेटी. पुढे सगळ्यांनी त्यावर चकचकीत मोठ्या लाद्या बसवून घेतल्या. आमच्याकडे सुमनने बसवू दिल्या नाहीत. "पाय घसरलो तर हाडां कोण जोडतलो? तुमी?" म्हणाली. ती मालवणीच बोलायची शेवटपर्यंत, मुंबईत जन्म काढून. म्हणून बिल्डिंगमध्ये जुने चौकोन फक्त आमच्याकडे राहिले. आणि मास्तरांना चौकोन पाहिजे होते. ते फळ्यावर शिकवत नसत. जमिनीवर शिकवत. एक लादी म्हणजे एक भाग. आधी गच्चीवर खडूने चौकोन आखून शिकवायचे, पण गच्चीला सोसायटीने कुलूप घातलं.

मनीषाचं असं होतं, की ती एका सरकारी हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर कंत्राटी कामाला होती. कंत्राट संपलं की घरी बस, परत लागलं की जा. पक्क्या कारकुनाची भरती निघाली की ही अर्ज करायची. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात राहिली. दोन्ही वेळा गुणोत्तराच्या गणितांनी वाट लावली. आता वयाची अट आली होती. ही शेवटची. यानंतर अर्जच घेणार नव्हते.

सुमनने तिला सांगून टाकलं होतं, "तू गणितां बग गो, भाकरी मी बगतंय." आणि खरंच बघायची. गुडघे धरून बघायची. मग एकाएकी तीच गेली. मनीषाने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. कोणी सांगितलं नव्हतं तिला. पण नको असंही कोणी म्हटलं नव्हतं.

म्हणून मास्तरांनी पंगतीत विचारलं. मला ते कळायला थोडे दिवस लागले.

पुढच्याच आठवड्यात ते संध्याकाळी दारात उभे. प्रशांत घरी होता. तो कुरियरमध्ये आहे, दिवसभर उन्हात फिरून त्याचंही डोकं तापलेलं असतं. म्हणाला, "मास्तर, राग नका मानू. आई नाही आता. ही अभ्यासाला बसली तर घर कोण बघणार?"

"घराचेही भाग पाडू," मास्तर म्हणाले. चपला काढल्या, डबीतून खडू काढला आणि आमच्या हॉलमध्ये उकिडवे बसले. "सांग. सकाळचं पाणी भरणं."

"मनीषा."

"डबे."

"मनीषा."

"स्वराला शाळेत सोडणं."

स्वरा माझी नात. "मनीषा," प्रशांत म्हणाला, पण आवाज जरा उतरला होता.

मास्तर एकेका कामाला एक लादी धरत चालले होते. मनीषाच्या लाद्या भिंतीला जाऊन टेकल्या. प्रशांतची एक. माझी एकही नाही. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो होतो.

"आता तूच सांग," मास्तर म्हणाले, "हे गुणोत्तर तोंडी परीक्षेत विचारलं तर काय उत्तर देशील?"

 दुसऱ्या दिवसापासून पाणी प्रशांत भरायला लागला आणि स्वराला शाळेत मी सोडायला लागलो. मला कुकरही लावता यायला लागला. पहिल्या दिवशी भाताची पेज झाली. पण खाल्ली सगळ्यांनी.

शिकवणी सुरू झाली. मनीषा एकटीच, कारण मास्तरांनी बाकीच्या पोरांना दुसरे वार दिले. माझा हॉल, मीच कुठे जाणार? कोपऱ्यात बसून असायचो. सुमनच्या स्टीलच्या वाट्या मास्तर लाद्यांवर मांडायचे. पहिले काही दिवस मला ते सहन झालं नाही. तिच्या हातच्या वाट्या. मग एक दिवस वाट्या कमी पडल्या तर मीच उठून आतून आणून दिल्या.

त्यांची शिकवायची तऱ्हा अशी, की पुस्तकातले राम-श्याम त्यांना चालत नसत. "रामकडे किती गोट्या आणि श्यामकडे किती, याच्याशी तुझा काय संबंध? तू ओळखतेस का त्यांना?" म्हणून प्रत्येक गणितात आमच्या बिल्डिंगची माणसं यायची. घाडीकाकूंचं आणि माझं वजन कुठल्या प्रमाणात आहे, यावर एकदा अर्धा तास गेला. घाडीकाकू दारातून ऐकत होत्या. मग मास्तरांना महिनाभर त्यांच्याकडून चहा बंद.

चहाचंही सांगतो. गणित सुटेपर्यंत ते कपाला हात लावत नसत. सुटलं की थंडगार चहा, वर साय धरलेली, एका घोटात. मनीषा म्हणायची, "सर, गरम करून देते." तर म्हणत, "तू लवकर सोडव, मला गरम मिळेल." सुरुवातीला रोज थंड प्यायले.

मुलुंडच्या एका मोठ्या क्लासने त्यांना एकदा बोलावलं होतं. एक दिवस गेले आणि परत आले. का तर तिथे पोरांना शॉर्टकट शिकवतात. गणित वाचायचंच नाही, पर्याय बघायचे, कुठला आकडा कशाने भागला जातो ते बघायचं आणि टिचकी मारायची. मी म्हटलं, मास्तर, जमत असेल तर वाईट काय? तर म्हणाले, "काका, रूळ ओलांडणाऱ्यालाही रोज जमतंच की. एक दिवस जमत नाही."

त्यांचं स्वतःचंही तसंच झालं होतं. हे त्यांनी आपणहून सांगितलं, मनीषा एकदा रडकुंडीला आली तेव्हा. तरुणपणी वयाची अट संपेपर्यंत ते परीक्षा देत राहिले. शेवटच्या परीक्षेत एका प्रश्नाने गेले. त्यात पुरुष आणि बायकांचं गुणोत्तर दिलं होतं आणि विचारलं होतं बायकांचं आणि पुरुषांचं. यांनी उलटं धरलं. घाईत. "तो एक प्रश्न मला पुरून उरला," म्हणाले. "तेव्हा ठरवलं, बाकी सगळं सोडायचं, या धड्याला काही मी सोडत नाही." सांगताना हसत होते. मनीषा हसली नाही. तिने वही पुढे ओढली.

आता बांगड्यांचं ऐका. माझ्या मते सगळं त्यात आहे.

मास्तरांनी गणित घातलं. "घरात वीस बांगडे आणले. ते अण्णा, प्रशांत, स्वरा आणि मनीषा यांच्यात तीन, चार, दोन आणि एक या प्रमाणात वाटायचे. अण्णांना किती?" अण्णा म्हणजे मी.

मनीषाने वाट्या मांडल्या. माझ्या तीन लाद्या, प्रशांतच्या चार, स्वराच्या दोन. मग वहीत वीस भागिले नऊ करत बसली. काही केल्या भाग जाईना. पुन्हा केलं. जाईना. कपाळाला घाम.

"सर, गणित चुकीचं छापलंय."

"छापलेलं नाही. मी सांगितलंय."

"मग तुम्ही चुकीचं सांगितलंत."

"असेल. भाग जात नसेल तर बांगड्याचे तुकडे कर. नऊ."

"एका बांगड्याचे नऊ तुकडे?" मला राहवलं नाही. "मांजरीला घालायचेत काय?"

"काका, तुम्ही बोलू नका. तुमचा भाग तुम्हाला मिळालाय."

मनीषाने पेन खाली ठेवलं. "मला नाहीच येत हे. दोनदा नापास झाले तेव्हाही असंच. आकडा बसतच नाही."

 मास्तरांनी हळू आवाजात विचारलं, "घरात माणसं किती?"

"तीन."

"मोज."

"अण्णा, हे, स्वरा."

"बांगडे तळतंय कोण?"

"मी."

"तू जेवत नाहीस?"

"जेवते की," ती म्हणाली. "राहिलं की जेवते."

मी खुर्चीत जरा हललो. मास्तर हलले नाहीत.

"गणितात राहिलं-साहिलं नसतं, मनीषा. एक भाग तुझा आहे. मी तोंडाने सांगितलाय. उभी राहा त्या लादीवर."

ती बसून राहिली. लाजली. मास्तरांनी स्वराच्या वाट्यांच्या पुढच्या लादीवर खडूने टकटक केलं. ती उठली, पदर खोचला आणि जाऊन त्या चॉकलेटी लादीवर उभी राहिली. दोन्ही पाय जवळ घेऊन, जागा कमी असल्यासारखी. मग वरून वाट्या मोजल्या. स्वतःचे पाय मोजले.

"दहा," ती म्हणाली.

"मग?"

"एक भाग दोनचा. अण्णांना सहा."

"मग?"

"मला दोन," ती म्हणाली, आणि तोंडावर हात घेतला.

मग मास्तरांनी तिच्या सरावाचे जुने पेपर मागवले. माळ्यावरून प्रशांतने काढून दिले. जिथे जिथे गणितात वाटणाऱ्याने स्वतःला काही ठेवलंय, तिथे तिथे ती चुकलेली. वाटणाऱ्याला तिने धरलेलंच नाही. जिथे अ, ब, क कोणी तिऱ्हाईत, तिथे ठीक. मास्तर पेपर चाळत म्हणाले, "इतकी पोरं शिकवली. ही चूक मुलगे करत नाहीत."

सुमन तशीच जेवायची. उभ्याने, कढईतच भात कालवून. आमच्यात वाढणाऱ्या बाईला मोजायची पद्धतच नव्हती. एवढं लिहितो, जास्त लिहीत नाही.

त्या दिवशी मास्तरांना चहा कोमट मिळाला.

वयांची गणितं आली तेव्हा मीच मधे पडलो. मास्तर म्हणत होते, वयाच्या गणितात फरक कधी बदलत नाही, गुणोत्तर मात्र दर वर्षी बदलतं. मनीषाला ते पटेना. मी म्हटलं, आमचं घ्या. लग्नात मी चोवीस, सुमन अठरा.

"चारास तीन," मास्तर म्हणाले आणि लाद्यांवर लिहिलं. "पुढे?"

"प्रशांत झाला तेव्हा मी छत्तीस. ती तीस."

"सहास पाच. पुढे?"

"मी साठ झालो तेव्हा ती चोपन्न."

"दहास नऊ. बघ मनीषा, फरक सहाचा सहाच. पण चारास तीन, सहास पाच, दहास नऊ. वर्षं सोबत काढली तशी दोघं बरोबरीला येत चालली. कधी अगदी सारखी होणार नाहीत. पण जवळ येत राहणार."

मला ते ऐकून बरं वाटलं. सातवीच्या शाळेत कोणी असलं काही सांगितलं नव्हतं. मग मी म्हटलं, "ती सहासष्टची असताना गेली. मी बहात्तर."

"बारास अकरा," मास्तर म्हणाले.

"आणि आता मी पुढे जाणार. ती तिथेच. आता फरकही वाढणार. हे कसं मांडायचं मास्तर?"

मनीषा खाली बघायला लागली. मास्तरांनी खडू डबीत ठेवला, परत काढला. 

"याच्यात मी नापास, काका," ते म्हणाले. "नापास व्हायची मला सवय आहे, म्हणून सांगून टाकतो."

खोटं कशाला बोलू, तेराव्याला आलेल्या इतक्या माणसांपैकी कोणाच्या बोलण्याने मला तेवढा धीर आला नव्हता. बाकी सगळ्यांकडे उत्तरं होती.

शिकवणी संपली की मास्तर स्वतः फडकं ओलं करून लादी पुसत. खडूचा एक कण ठेवत नसत. मनीषा पुढे झाली तर तिला हटकत, "ज्याने घाण केली त्याने पुसायची." उकिडवे बसून, मागे मागे सरकत, दारापर्यंत पुसत जायचे आणि तसेच उंबऱ्याबाहेर. ओल्या लादीवर कधी पाय दिला नाही.

परीक्षा अंधेरीला होती. कॉम्प्युटरवर. प्रशांतने रजा टाकली आणि स्वराला घेऊन घरी थांबला. मनीषाबरोबर मी गेलो आणि मास्तर आले. आत फक्त परीक्षा देणारे सोडतात. आम्ही दोघं बाहेर फुटपाथच्या कडेला बसलो. मास्तर सारखे उठून फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. मी म्हटलं, "बसा हो, तुमचा नाही पेपर." तर म्हणाले, "माझाच आहे."

ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. सरळ मास्तरांसमोर येऊन उभी राहिली.

"सर, ते आलं होतं. वाटणाऱ्या बाईचं."

"सांग."

"एका बाईकडे एकशे छप्पन्न लाडू. तिने तीन शेजारणींना पाच, चार, तीन या प्रमाणात दिले आणि त्याच मापाचा एक भाग स्वतःला ठेवला. पहिलीला किती?"

मास्तरांचे ओठ हलत होते. मग त्यांचा चेहरा उतरला. मला कळेना का. ते म्हणाले, "बाराने पण भाग जातो."

"हो ना," मनीषा म्हणाली. "बाराने तेरा येतात. तेराने बारा येतात. दोन्ही बसतात. पासष्टही होतं पर्यायात आणि साठही. बांगड्यांसारखं अडलं असतं तर मला कळलं असतं. हे अडलंच नाही."

तेव्हा मलाही कळलं. बाईला सोडून मोजलं तरी आकडा सुरेख बसत होता. पेपर काढणाऱ्याने मुद्दाम तसा बसवला होता. घाईतलं माणूस पासष्टवर टिचकी मारून पुढे जाणार आणि त्याला आयुष्यभर कळणारही नाही.

"मग?" मास्तर म्हणाले. 

"माझी पासष्टवर टिचकी पडणारच होती. मग म्हटलं थांब. खाली बघितलं, तर तिथे लाद्या नव्हत्या, काहीतरी गालिचा होता. म्हणून डोळे मिटले आणि आपला हॉल आठवला. पाच ठेवल्या, चार ठेवल्या, तीन ठेवल्या. मग मी स्वतः जाऊन उभी राहिले. तेरावी लादी माझी. साठ."

"मग?" मास्तर पुन्हा म्हणाले.

"मग काय, साठ," मनीषा म्हणाली. "बदलणार नाही मी आता."

मास्तर वळले आणि समोरच्या भिंतीवरचं कसलंतरी पोस्टर वाचायला लागले. पोस्टर केस गळण्यावरच्या तेलाचं होतं. त्यांच्या डोक्यावर मोजून चार केस. बराच वेळ वाचत होते. 

निकाल लागला त्या दिवशी मनीषा कामावर होती. प्रशांतने मोबाइलवर यादी उघडली, नाव सापडलं, आणि त्याला बोलता येईना. मोबाइल माझ्यापुढे धरला. मला चष्म्याशिवाय दिसत नाही. "बोल की मेल्या," मी ओरडलो. "लागली," तो म्हणाला, "अण्णा, लागली ती." मग मी जे केलं ते वयाला शोभणारं नव्हतं. खिडकीत जाऊन अख्ख्या बी विंगला ऐकू जाईल असं सांगितलं, की परबांची सून सरकारी कारकून झाली, पक्की. घाडीकाकू पायात चपला न घालता आल्या. ज्या हॉलमध्ये पंगतीत तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, त्याच हॉलमध्ये मला म्हणाल्या, "मी सांगत नव्हते?" मी म्हटलं, सांगत होता. अशा दिवशी कोण वाद घालतं?

मनीषा आली ती हातात पिशवी घेऊन. कांजूरच्या बाजारातून बांगडे आणले होते. माझ्या पाया पडली, मग आत सुमनच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "आई, आज भाकरी हे बघतायत." आणि खरंच प्रशांत पीठ मळत होता. वाईट मळत होता.

मास्तर आता इथे नाहीत. मी सुमनच्या वर्षश्राद्धाला गावी गेलो होतो, परत आलो तर वरची खोली रिकामी. बहिणीच्या मुलाने लांब बदलापूरच्या पुढे जागा घेतली, सगळे तिकडे गेले. मनीषाला फोन येतो कधीतरी. मला त्यांना निरोप द्यायला मिळाला नाही. म्हणून माझ्या डोळ्यांपुढे मास्तर आहेत ते त्या बांगड्यांच्या जेवणाचेच.

गोदामातून सरळ आले होते. पांढरा शर्ट, खिशात चष्म्याची डबी. निकाल त्यांना जिन्यातच कळला होता, पण आत आले ते काही न बोलता. मनीषाने हॉलमध्ये ताटं मांडली. मास्तरांना, प्रशांतला, मला, स्वराला. मग आत गेली आणि पाचवं ताट घेऊन आली. ते आमच्या ओळीतच ठेवलं, शेवटी नाही, माझ्या आणि स्वराच्या मधे. तळलेल्या बांगड्यांची परात मधोमध ठेवली, भाकऱ्या ठेवल्या आणि पाण्याचा तांब्या ठेवून बसली. "ज्याने त्याने घ्या," म्हणाली. आणि पहिला बांगडा तिने स्वतः घेतला.

प्रशांतचा हात भाकरीवर थांबला. मास्तरांनी एकदा ताटांवरून बोट फिरवलं, एक दोन तीन चार पाच.

"बरोबर," ते म्हणाले.

मनीषाने वर बघितलं. तिला वाटलं आपल्या कानांची काही चूक झाली. मास्तर मान खाली घालून काटे काढत होते. पण चहा त्या दिवशी त्यांनी वाफ येत असताना प्यायला.

जेवणं झाली. त्यांनी फडकं मागितलं. मनीषा म्हणाली, "सर, आज खडू नाही कुठे." तर म्हणाले, "बांगड्याचं तेल आहे. घसरतील काका." उकिडवे बसले आणि खिडकीपासून सुरुवात केली. एक पांढरी, एक चॉकलेटी. मागे मागे सरकत. दारापाशी पोचले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले, फडकं पिळून दाराच्या कडीवर टाकलं.

"वाळेपर्यंत कोणी पाय देऊ नका," म्हणाले आणि जिना चढून गेले.

आम्ही चौघं भिंतीला पाठ लावून उभे राहिलो, लाद्या वाळायची वाट बघत.